विषवल्लीतून स्मृतीकडे: नाशिक १९०७ ते कोल्हापूर २०१४

#धागा

१९०७ साली वैद्यकाच्या इतिहासात दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी तेव्हा काही संबंध नव्हता. जर्मनीत अलोइस अल्झायमर या डॉक्टरने एका स्त्रीच्या मेंदूविकाराविषयी जेमतेम तीन पानांचा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने देशभरातील वैद्य एकत्र आले आणि अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला.

एकीकडे एका रोगाला ओळख मिळाली, दुसरीकडे बुद्धी आणि स्मृती यांसाठी वनस्पती सांगणारी एक जुनी परंपरा स्वतःला सावरू लागली. या दोघींची गाठ पडली का? वृद्धापकाळी आठवणी गमावणाऱ्या माणसाला वनस्पतींनी आजवर नेमके काय दिले? ‘ब्राह्मीने अल्झायमर बरा होतो’ असे संदेश आपल्या सर्वांच्या फोनवर येत असतात, म्हणून हा इतिहास सविस्तर पाहण्याजोगा आहे.

प्रथम ती स्त्री. ऑगुस्ट डेटर तिचे नाव. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात तिला दाखल केले तेव्हा ती अवघी ५१ वर्षांची होती. स्वतःचे नाव लिहायला घेतले तर अर्ध्यावर पुढचे विसरून जाई. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेला होता. त्याने तिचा मेंदू मागवून घेतला, चांदीच्या क्षारांनी रंगवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्याला पेशींबाहेर साचलेले ठिपके व पेशींच्या आत गुंता झालेले तंतू दिसले. नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्याने हे मांडले, तेव्हा श्रोत्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले.

आपल्याकडे मात्र म्हाताऱ्या माणसाने विसरावे यात कोणाला रोग दिसत नव्हता. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याचीच साक्ष देते. आज वैद्यकीय मराठीत डिमेन्शियासाठी ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द रूढ आहे. तो गीतेतही आहे, परंतु तेथे तो क्रोधातून आणि मोहातून येतो, वयातून नव्हे. जुना शब्द नव्या रोगाला लावला की तो रोगही जुन्यांना ठाऊक होता असे वाटू लागते. या धाग्यात पुढेही हा घोटाळा भेटेल.

आता नाशिक. त्या काळी सरकारी आश्रय पाश्चात्त्य वैद्यकाला होता आणि वैद्यांचे भवितव्य अंधुक दिसत होते. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यक नोंदणीचा कायदा आला, तेव्हा ती भीती अनाठायी नव्हती हे उघड झाले. पदेशास्त्री हे नुसते संघटक नव्हते. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. आजीच्या फडताळात पंचांगाशेजारी तो पाहिलेले वाचक येथेही असतील. वनस्पतींचे ज्ञान विखुरलेले आहे, ते गोळा करून छापले पाहिजे आणि वैद्यांनी एकत्र बसून पारखले पाहिजे, ही त्यांची धडपड होती.

या पारखण्याची गरज किती होती हे स्मृतीच्या वनस्पतींवरूनच कळते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. नीट पाहा, या चौघींत ‘ब्राह्मी’ नाही. ती इतर ठिकाणी येते, अपस्मार आणि उन्माद यांच्या उपचारांत, घृताच्या रूपाने. मेध्य रसायनांचा उद्देशही बुद्धी, आयुष्य, बल आणि स्वर वाढवणे असा व्यापक आहे. मेंदूच्या पेशी झडत जाणाऱ्या विशिष्ट विकाराचा विचार तेथे नाही आणि त्या काळाच्या ग्रंथाकडून ती अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

बरे, ब्राह्मी म्हणजे तरी कोणती? महाराष्ट्रात बहुधा ज्या वेलीला ब्राह्मी म्हणतात ती गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची, म्हणजे शास्त्रीय भाषेत सेंटेला. तीच ग्रंथांतली मंडूकपर्णी. बंगालात ब्राह्मी म्हणतात ती पाणथळ जागी वाढणारी, लहान मांसल पानांची बाकोपा, आपली नीरब्राह्मी. पहिली कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरीचे कुळ अगदी वेगळे, इसबगोलाचे. पहिलीत एशियाटिकोसाइड नावाची द्रव्ये आहेत, दुसरीत बॅकोसाइड. शंखपुष्पीची कथा याहून बिकट आहे. कुठे एक गवतात पसरणारी पांढऱ्या फुलांची वनस्पती, कुठे विष्णुक्रांता, तर केरळात चक्क गोकर्ण.

म्हणजे ‘ब्राह्मीचा गुण येतो का’ या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी कोणत्या ब्राह्मीचा, हे विचारावे लागते. बाटलीवर हे बहुतेक वेळा नीट वाचलेच जात नाही.

येथे कथा अनपेक्षित वळण घेते. अल्झायमरवर वनस्पतींतून खरोखर जी औषधे आली, ती बुद्धिवर्धक म्हणून गाजलेल्या वनस्पतींतून आली नाहीत. ती विषांतून आली.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियातील कालाबार येथे, एफिक लोकांमध्ये दिव्याची एक पद्धत होती. आपल्याकडे अग्निदिव्य किंवा विषदिव्य करीत, तशीच. आरोपीला एका वेलीच्या बिया खायला देत. ओकून टाकल्या तर निर्दोष, मेला तर दोषी. स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत त्या बिया एडिनबराला पोहोचल्या. तेथील विषशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रिस्टिसन याने १८५५ साली त्यातला लहानसा तुकडा स्वतः खाऊन पाहिला. हातपाय गळू लागले तेव्हा त्याने दाढी करायचे साबणाचे पाणी पिऊन उलटी काढली आणि जीव वाचवला. १८६४ साली योब्स्ट आणि हेसे यांनी या बियांतले विष वेगळे केले. तेच फायसोस्टिग्मिन.

त्याच वर्षी प्रागमध्ये काही कैद्यांनी अ‍ॅट्रोपिन प्याल्याची घटना घडली. क्लाइनवेख्टर नावाच्या डॉक्टरने कालाबारच्या बियांचा अर्क उतारा म्हणून वापरला आणि तो लागू पडला. एका विषावर दुसरे विष. अ‍ॅट्रोपिन हे धोतऱ्याच्या कुळातले द्रव्य आहे, हे ध्यानात ठेवा.

धोतरा नाशिककरांना सांगायला नको. त्र्यंबकेश्वराला वाहिलेली त्याची फळे आणि फुले आपण लहानपणापासून पाहतो. परंतु एकोणिसाव्या शतकात या झाडाची दुसरी ओळख पोलिसांच्या कागदपत्रांत होती. वाटसरूंच्या अन्नात धोतऱ्याचे बी मिसळून त्यांना लुटणाऱ्या टोळ्या देशभर होत्या. नॉर्मन शेव्हर्स याने १८५६ साली हिंदुस्थानातील न्यायवैद्यकावर जो ग्रंथ लिहिला, त्यात या विषप्रयोगाची दीर्घ चर्चा आहे. न्यायालयापुढची अडचण अशी की शुद्धीवर आलेल्या माणसाला काय घडले तेच आठवत नसे. साक्षीदार जिवंत, पण साक्ष नाहीशी.

धोतऱ्यातील स्कोपोलामिन स्मृतीच पुसते, ही गोष्ट लुटारूंना ठाऊक होती. प्रयोगशाळेत ती रीतसर मोजली गेली १९७४ साली. ड्रॅकमन आणि लेव्हिट या अमेरिकन संशोधकांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामिन दिले, तेव्हा स्मृतिचाचण्यांत ते वृद्धांसारखे चुकू लागले. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य वापरतात. धोतरा या निरोप्याचे दार अडवतो. लगेच, १९७६ च्या सुमारास, ब्रिटनमधील शास्त्रज्ञांना अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत हे द्रव्य तयार करणारी यंत्रणाच खालावलेली आढळली.

मग कालाबारच्या बीचे महत्त्व एकाएकी वाढले. अ‍ॅसिटिलकोलीन आपले काम करून झाले की एक विकर त्याचे तुकडे करते. फायसोस्टिग्मिन त्या विकराला रोखते, त्यामुळे उरलासुरला निरोप्या थोडा अधिक काळ टिकतो. रुग्णांवर ते वापरून पाहिले गेले, पण परिणाम अल्पकाळ टिके आणि त्रास फार होई. जेरुसलेममधील मार्टा वाइनस्टॉक यांनी त्याच्या रचनेवरून अधिक सौम्य रेणू घडवला. तो रिव्हास्टिग्मिन. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली, आज तो आपल्याकडेही गोळीच्या आणि पट्टीच्या रूपात मिळतो.

दुसरे औषध याहून थेट आले. पूर्व युरोपात बर्फ वितळताना उगवणारे स्नोड्रॉप नावाचे पांढरे फूल आहे. त्याच्या कंदात गॅलँटामिन असते. १९५१ साली सोव्हिएत संशोधक माश्कोव्हस्की आणि क्रुग्लिकोव्हा-ल्व्होव्हा यांनी त्याचा त्याच विकरावर होणारा परिणाम दाखवला. बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचे औषध केले आणि ‘निव्हालिन’ या नावाने ते पोलिओच्या रुग्णांना दिले जाऊ लागले. शीतयुद्धाच्या काळात पलीकडच्या गटातले औषध म्हणून पश्चिमेने त्याकडे फारसे पाहिले नाही. अल्झायमरवरील औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला २००१ साल उजाडले.

येथे एक गमतीची गोष्ट. १९८३ साली प्लायटाकिस आणि डुव्हॉइसिन यांनी असा तर्क मांडला की होमरच्या ‘ओडिसी’त सर्सीच्या विषावर उतारा म्हणून येणारी ‘मोली’ वनस्पती म्हणजे स्नोड्रॉपच असावा आणि ते विष धोतऱ्यासारखे असावे. तर्क आकर्षक आहे, पण काव्यातील वनस्पतीची ओळख पटवणे किती निसरडे असते ते आपण ब्राह्मीच्या निमित्ताने पाहिलेच. मी त्याला पुरावा मानत नाही.

या औषधांचा गौरवही मापातच केला पाहिजे. ती रोग थांबवत नाहीत, मरणाऱ्या पेशी वाचवत नाहीत. काही रुग्णांमध्ये काही महिने गाडी जागेवर धरून ठेवतात. आईने अजून सहा महिने नावाने हाक मारली, यांचे मोल त्या घरालाच कळते. तरी याला ‘बरे होणे’ म्हणता येत नाही.

साहजिक प्रश्न येतो: आपल्या वनस्पतींची अशी पारख झालीच नाही का? झाली, आणि त्याचे सर्वांत उजळ उदाहरण मुंबईचे आहे. सर्पगंधेवर १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले होते. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ती वापरून, आकडे मोजून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातले रिसर्पिन वेगळे केले. वनस्पती एकच, तिची ओळख पक्की, परिणाम पाऱ्याच्या यंत्रावर दिसणारा. रिसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य येते, हेही याच काटेकोरपणामुळे लक्षात आले.

स्मृतीचे तसे नाही. रक्तदाब दोन मिनिटांत मोजता येतो, विस्मरण मोजायला महिनेच्या महिने जातात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात नीरब्राह्मीतून बॅकोसाइड वेगळे केले. पुढे ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या आणि शिकलेले लक्षात ठेवण्यात थोडी सुधारणा दिसल्याचे काहींत नोंदले गेले. परंतु निरोगी माणसाची उजळणी सुधारणे आणि अल्झायमरचा रुग्ण सुधारणे यांत फार अंतर आहे. ते अंतर ब्राह्मीने अजून पार केलेले नाही.

हळदीची गोष्ट तर आपल्या अभिमानाशी जोडलेली. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठातील दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे पुरावे देऊन ते पेटंट आव्हानित केले आणि १९९७ साली ते रद्द झाले. विजय मोठाच होता. पण कशाचा? हा उपयोग नवा नाही एवढे त्यात सिद्ध झाले. हळद अमुक रोग बरा करते असा निकाल कोणी दिला नव्हता. लोकांनी मात्र दोन्ही एकच मानले.

हळदीतल्या कुरक्युमिनने प्रयोगशाळेतील उंदरांच्या मेंदूतले ठिपके कमी झाल्याचे २००१ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दाखवले आणि मोठी आशा निर्माण झाली. नंतर माणसांवर चाचण्या झाल्या. २००८ साली हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांवर, २०१२ साली अमेरिकेत ३६ रुग्णांवर. दोन्हींत स्मृतीला लाभ दिसला नाही. कुरक्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते, हे एक कारण. या चाचण्या लहान होत्या हे खरे, पण त्यांचा निकाल काय आला हे सांगायचेच नाही, हा प्रामाणिकपणा नव्हे.

आता कोल्हापूर. स्नोड्रॉप महाराष्ट्रात उगवत नाही, पण त्याचे कुळ येथे आहे. अंगणातील सुदर्शन आठवा. लांब पट्ट्यासारखी पाने, पांढरी सुगंधी फुले. कान दुखला की ज्याचे पान गरम करून रस पिळत, तेच. नागदवणाही त्याच गणातला. या क्रायनम गणाच्या काही जाती फक्त सह्याद्रीतच आढळतात. त्यांतली एक महाबळेश्वरच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णिली गेली, पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वुड्रो यांचे नाव तिला मिळाले आणि नंतर सुमारे शंभर वर्षे ती अभ्यासकांच्या नजरेस पडली नाही.

शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव, मनोज लेखक, उमेश जगताप, व्ही. ए. बापट आणि त्यांच्यासह डी. पी. फुलझेले यांनी क्रायनमच्या निवडक जातींमध्ये गॅलँटामिन शोधणारा अभ्यास २०१४ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. बुद्धिवर्धक म्हणून ज्याची कधी ख्याती नव्हती, ज्याच्या कंदाला विषारीच मानत आले, त्या आपल्या अंगणातल्या गणाकडे अल्झायमरचे औषध शोधायला जाण्यामागे कालाबारपासूनचा सगळा इतिहास उभा आहे.

येथे कृपया थांबा. सुदर्शनाचा कंद घरी उकळू नका. त्यातील इतर अल्कलॉइड पोटात गेली तर उलट्या, जुलाब आणि त्याहून वाईट होऊ शकते. कंदासाठी डोंगर उकरू नका. गॅलँटामिन कारखान्यात कृत्रिम रीतीनेही तयार होते, आणि दुर्मीळ क्रायनमची एकेक जागा नष्ट झाली तर ती पुन्हा मिळणार नाही.

आणि हा केवळ इतिहासाचा छंद नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख भारतीय स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. आजोबा विसरू लागले की घरात प्रथम चूर्णाची बाटली येते, डॉक्टर वर्ष-दोन वर्षांनी. त्या काळात ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार, जे उपचारांनी सुधारू शकतात, तेही तपासले जात नाहीत. अ‍ॅलर्जीच्या आणि लघवीच्या काही गोळ्या तर धोतऱ्याप्रमाणेच अ‍ॅसिटिलकोलीनचे दार अडवतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सर्व गोळ्या आणि सर्व चूर्णे पिशवीत घालून न्यावीत.

नाशिकला १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. एमबीबीएस आणि बीएएमएस या दोन्ही पदव्या तेच देते. पदेशास्त्रींनी जेथे वैद्य जमवले त्याच गावी आज दोन्ही शाखांच्या उत्तरपत्रिका एका छपराखाली येतात. ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती, किती मात्रेत, कोणत्या रुग्णात, किती महिन्यांनी काय मोजायचे, असा अभ्यास दोघांनी मिळून करायला याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही.

रुस्तुम वकिलांच्या त्या ५० रुग्णांची आणि सर्पगंधेच्या जगप्रवासाची कथा येथे दोन ओळींत उरकली. तिचा स्वतंत्र धागा पुढच्या आठवड्यात.